जागचे हललेले शब्द

३ जानेवारी

छोटे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. तुझी ताई जाऊन परवा चौदा महिने झाले. मी ठीक आहे. भूक लागते, झोप लागते, पाय चालतात. लोक विचारतात, कसं वाटतं. काही वाटत नाही हे खरं उत्तर, पण ते दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून 'बरं वाटतं' असं सांगून मोकळा होतो.

आता कामाचं. आजारपणात ताई संगणकावर तुमच्या लहानपणाच्या आठवणी लिहीत होती. टाइप करायला तिला तूच शिकवलंस. एकशे बारा पानं झाली आहेत. ती छापायचं मी ठरवलं आहे. फक्त चाळीस प्रती, घरच्यांना आणि तिच्या मैत्रिणींना द्यायला. छत्तीस वर्षं ज्या छापखान्यात प्रुफं तपासली तिथला फोरमन अजून ओळख ठेवून आहे. रोज सकाळी चहा झाला की मशीन लावतो, फाइल उघडतो, दहा पानं तपासतो, सेव्ह करतो, बंद करतो. पुन्हा नोकरीवर गेल्यासारखं वाटतं.

पण मजकूर फार खराब आहे. तुला वाईट वाटेल म्हणून एवढं स्पष्ट कधी बोललो नाही. दुखणं डोक्यापर्यंत पोचलेलं नाही असं डॉक्टर म्हणत होते, पण कागद वेगळंच सांगत होता. सरळ चाललेल्या वाक्यात मध्येच भलता शब्द. याच पानांमुळे शेवटचा निर्णय मला घ्यावा लागला, हे तुला माहीत आहे. तिला घरी यायचं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, या पूर्ण भानावर राहून सांगताहेत ना? मी लाल खुणा केलेली नऊ पानं त्यांच्यासमोर ठेवली. पानाला सरासरी चार चुका. त्यांना पटलं. तिला वॉर्डातच ठेवलं आणि एकोणीस दिवसांनी ती तिथेच गेली. तेव्हा ते बरोबर वाटलं, आजही वाटतं.

दोन ठिकाणी अडलो आहे. पान ९: 'मी छोटीला शाळेत भिंगातून सोडायला जात असे.' भिंगातून कोणी कोणाला सोडत नाही. मी 'गल्लीतून' केलं आहे. पान १४: 'त्या वर्षी आमच्या घरी दोन सायकली मांजर होत्या.' मांजर काढून टाकलं. बरोबर केलं ना, ते कळव.

आणखी एक. परवा दुरुस्त केलेलं वाक्य काल पुन्हा बिघडलेलं दिसलं. असं तीन-चारदा झालं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाहीतर ताईचं झालं तेच माझंही सुरू झालं असेल. झालं तर झालं.

भाऊजी


१० जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

पत्रास कारण, तुमचा संगणक. तो आधी बंद करा आणि मग पुढचं वाचा.

ताईची फाइल आता उघडू नका. एकदाही नको. एकच पान बघतो, असंही नको. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही आणि डोक्यालाही नाही. संगणकाला व्हायरस लागलाय असं मला वाटतं. डॉक्युमेंटमध्ये दडून बसणारा एक प्रकार असतो. फाइल उघडली की तो जागा होतो आणि मग प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये घुसतो. आमच्या शाळेच्या संगणक खोलीत असले पाहुणे वर्षातून दोनदा तरी येतात. माणसाला तो लागत नाही, तेव्हा हात धुवत बसू नका.

काय करतो म्हणाल, तर फार काही नाही, मशीन मंद करतो आणि उगाच गोंधळ घालतो.

सोबत अँटिव्हायरसच्या तीन फ्लॉप्या पाठवते आहे. पाठीवर १, २, ३ असं लिहिलंय. तुम्ही क्रम चुकवणाऱ्यातले नाही, पण लिहिलं आपलं. त्याआधी एक काम करा. ताईची फाइल कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून मला पाठवा. उतरवायची म्हणजे उघडायची नाही. कसं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय, घाबरू नका, सात पायऱ्या आहेत. मग अँटिव्हायरस चालवा. व्हायरस सापडला की तीन बटणं येतील: साफ करा, पुसून टाका, राहू द्या. तुम्ही 'साफ करा' दाबायचं. 'पुसून टाका'ला हात लावलात तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही.

आणि शाळेत आम्ही गल्लीतून जातच नव्हतो, गोदामाशेजारच्या दगडी पायऱ्यांवरून जायचो. भिंग बाबांचं. घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायचे ते.

मांजर होतं, भाऊजी! पांढरं, अर्ध्या कानाचं. ते परत ठेवा.

तुमची छोटी


२४ जानेवारी

छोटे,

सातच्या सात पायऱ्या पार पडल्या. फ्लॉपी या पाकिटात आहे, पुठ्ठ्यात बांधून.

अँटिव्हायरसनं सहा हजार चारशे अठरा फाइली तपासल्या. माझ्या मशीनमध्ये एवढ्या फाइली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि मी मुलगी बघायला आल्यासारखा समोर खुर्ची टाकून बसलो होतो. पावणेदोन तास. मग घंटी वाजली आणि लाल चौकट आली. दोन ठिकाणी सापडला. एक ताईच्या फाइलमध्ये आणि दुसरा ज्या साच्यातून नवीन फाइली निघतात त्या साच्यातच. म्हणजे घाण मुळात होती. नाव लांबलचक आणि परकं आहे, ते पॅडवर उतरवून घेतलं. 'साफ करा' दाबलं. मशीन म्हणालं, साफ झालं. त्यानंतर फाइल पाच वेळा उघडून पाहिली, काल दुरुस्त केलेलं आज जागेवर आहे. तुझे उपकार.

मांजर ठेवलं. 'गल्लीतून'चं 'पायऱ्यांवरून' केलं. पण असं किती ठिकाणी विचारत बसणार? आतापर्यंत साडेचारशेच्या वर दुरुस्त्या झाल्या आहेत. जिथे अर्थ लागला नाही तिथे माझ्या अंदाजानं वाक्य बसवलं आहे. मूळ प्रतीत लेखकाला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मी नव्या मुलांना शिकवत आलो. पण इथे विचारू कोणाला?

म्हणून प्रस्तावना लिहायची ठरवली आहे. पहिलं वाक्य असं: 'लेखिकेचे भान शेवटच्या काळात सुटले होते, त्यामुळे हा मजकूर तिच्या पतीने शक्य तितका सावरून घेतला आहे.' वाचणाऱ्याला काय आहे ते कळलं पाहिजे. लपवाछपवी नको.

तिचं भान सुटलं होतं हे मी एकटा म्हणत नाही. शेवटी शेवटी ती म्हणायला लागली होती, 'हे मी असं लिहिलंच नव्हतं, कोणीतरी माझे शब्द हलवतंय.' घरात आम्ही दोघं. कोण हलवणार? मी तेही डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

तू तेव्हा दोनदा येऊन गेलीस. तुलाही जाणवलं असेलच. तसं दोन ओळींत लिहून पाठव, प्रस्तावनेत घालतो. धाकट्या बहिणीचा शब्द असला की कोणी शंका काढणार नाही.

भाऊजी


२ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

फ्लॉपी मिळाली. पुठ्ठा काढायला मला कात्री घ्यावी लागली, इतकी चोख बांधलीत.

उत्तराला उशीर झाला, शाळेत परीक्षा आहेत आणि दोन मशीन बंद पडलीत. फाइल नीट बघून झालेली नाही. तोवर प्रस्तावना देऊ नका. मला ती नको वाटते. चाळीस घरांत ते पुस्तक जाणार, आणि ताईबद्दल पहिलं वाक्य तेच? तिला आवडलं नसतं. तुम्ही म्हणाल, तिला आता काय आवडायचंय. पण मला आवडणार नाही.

दोन ओळी मी लिहून देऊ शकत नाही. मला ताई शेवटपर्यंत ताईसारखीच वाटली. मी आले तेव्हा माझ्या ओढणीवरचा डाग काढून देत होती. वॉर्डात, उशीला टेकून, ओल्या रुमालानं. माझी बसही तिनंच लक्षात ठेवली होती.

घाई कसली आहे? उन्हाळ्यात छापा. मी सुट्टीत येते, मग समोरासमोर बसून बोलू.

छोटी


९ फेब्रुवारी

छोटे,

तू दोन दिवसांची पाहुणी होतीस. मी रोज वाचत होतो. पाहुण्यासमोर माणूस सावरून वागतो, माझ्या वहिनीच्या आजारपणातही आम्ही हे पाहिलं होतं.

'तिला आवडलं नसतं' हे कारण होत नाही. खरं आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. खरं नसेल तर तसं लिही. खरं असेल तर राहू दे.

प्रस्तावना आज छापखान्यात दिली. छपाई येत्या शुक्रवारपासून.

भाऊजी


१२ फेब्रुवारी, कुरियरने

भाऊजी,

छपाई थांबवा. ते खरं नाही.

हे मला तुमच्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. दुरुस्त केलेलं वाक्य पुन्हा बिघडतं, असं तुम्ही लिहिलंत तेव्हाच. तो व्हायरस मशीन मंद करत नाही. मी खोटं लिहिलं. फाइल उघडली की तो एखाद-दोन, कधी तीन शब्द उचलतो आणि दुसरीकडे कुठेतरी नेऊन टाकतो. बस्स, एवढंच करतो. आमच्या शाळेत त्यानं सातवीच्या प्रश्नपत्रिकेत हेच केलं होतं. मुलं पोट धरून हसली होती, आणि मीही हसले होते.

तरी मी स्वतःलाच म्हणत होते, कदाचित ताईच्या फाइलमध्ये दुसराच काही प्रकार असेल. म्हणून तुमची फ्लॉपी मागवली. एका जुन्या मशीनवर ती बारा वेळा उघडली आणि दर वेळी पहिली वीस पानं छापून घेतली. बाराही वेळा शब्द हलले. टेबलावर बारा गठ्ठे पडलेत, त्यातले कुठलेही दोन सारखे नाहीत. भिंग बाबांच्या पानावरून शाळेच्या वाक्यात कसं पोचलं ते आता तुम्हाला कळलं असेल.

ताईचं भान कुठेही सुटलं नव्हतं. ती नीट लिहीत होती आणि तुम्ही दोघं रोज फाइल उघडत होतात. तिनं उघडली की हलायचे, तुम्ही तपासायला उघडली की हलायचे. कोणीतरी माझे शब्द हलवतंय, असं ती म्हणाली ते शब्दशः खरं होतं.

अँटिव्हायरस व्हायरस काढतो. हललेला शब्द कुठला होता ते त्याला ठाऊक नसतं. तो परत जागेवर ठेवत नाही, कोणीच ठेवू शकत नाही.

आता राहिलेलं. तो तुमच्या घरी मी आणला. टाइप करायचे धडे म्हणून मी ताईला शाळेची फ्लॉपी दिली होती, त्यातून आला. पुढे शाळेत तो सापडला, इंजिनियर येऊन सगळी मशीन साफ करून गेला, तेव्हा ताई अजून होती. वॉर्डात जायला तिला सात आठवडे होते. एक फोन करायचा होता मला. माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन भाजी निवडली, टीव्ही बघितला. काहीही आठवलं नाही.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, कारण ते सांगितलं की नऊ पानांचंही सांगावं लागतं. तुम्ही 'बरोबर वाटतं' लिहिलंत, मला वाटलं, राहू दे त्यांना तेवढं. पण मग तुम्ही ते तिच्या नावावर छापायला निघालात. मला भीती वाटते आहे, भाऊजी. तुम्ही एकटे असता.

एक गोष्ट माझ्याकडे आहे. धड्यांची फ्लॉपी द्यायच्या आधी, ताई अजून एका बोटानं टाइप करत होती तेव्हा, तिनं मला पहिली एकतीस पानं छापून पाठवली होती. 'वाच आणि खोटं कौतुक करू नकोस' अशी चिठ्ठी लावून. ती जशीच्या तशी आहेत. पाठवू?

छोटी


५ मार्च

भाऊजी,

तीन आठवडे झाले. फोन वाजतो आणि थांबतो. फोरमनना फोन केला, ते म्हणाले, येऊन गेले, ठीक दिसले. ठीक म्हणजे काय ते त्यांना सांगता येईना.

शिव्या द्यायच्या तर द्या, पण एक ओळ लिहा.

छोटी


२८ मार्च

छोटे,

शिव्या द्याव्यात असं मलाही वाटलं होतं. फ्लॉपी तू आणलीस. बरं. शाळेत सापडला तेव्हा तुला सुचलं नाही. बरं. महिनाभर माझ्याशी खोटं बोललीस. तेही बरं. यात कुठे राग येतो का ते मी शोधत होतो. आला असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

कुरियर गुरुवारी संध्याकाळी आलं. शुक्रवारी सकाळी छापखान्यात गेलो. प्रस्तावनेच्या पानांचा फर्मा छपाईसाठी यंत्रावर चढला होता, तो उतरवायला लावला. फोरमन म्हणाला, काही चूक राहिली का? मी हो म्हणालो. छत्तीस वर्षांत माझ्या हातून यंत्रावर चढलेला एकही फर्मा परत आला नव्हता.

मग दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना तुझं पत्र वाचायला दिलं. ते वाचून त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी. मी म्हणालो, पाणी नको, तिच्या कागदावर तुम्ही लिहिलं आहे की रुग्ण भानावर नाही, ती ओळ दुरुस्त करा. ते म्हणाले, कागद बंद झाला आहे, आता त्यात कोणालाच काही लिहिता येत नाही. मी म्हणालो, शुद्धिपत्र जोडा. तशी सोय नाही म्हणाले. 'तुम्ही समजून उमजून केलं नाही' असंही म्हणाले. तो माणूस वाईट नाही. त्यानं विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस काही केलं नाही. जेवण होतं ते निम्मं टाकून देतो. संगणकावर चादर टाकली आहे. फोन वाजतो तेव्हा मी घरातच असतो. तुझा असतो हेही कळतं. फोनवर मला कधीच धड बोलता आलं नाही. समोर कागद नसला की समोरचा काय म्हणतो ते माझ्या मनात ठरतच नाही. ताई यावरून माझी चेष्टा करायची. म्हणायची, तुम्हाला जेवायला वाढलंय हेसुद्धा चिठ्ठीवर लिहून द्यावं लागेल.

तेच झालं, छोटे. व्हायरस फाइलमध्ये होता. तिच्या बोलण्यात नव्हता. आठ महिने ती माझ्याशी रोज बोलत होती आणि त्यात एकही शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही. औषधाच्या वेळा, दूधवाल्याचा निरोप, तुझी बस, सगळं ती नीट सांगायची. मी तिच्या उशाशी बसून तिची पानं वाचायचो आणि खुणा करायचो. ती काही बोलली की 'थांब, एवढा परिच्छेद संपू दे' म्हणायचो.

घरी न्या, असं ती मला तीनदा म्हणाली. सोमवारी, गुरुवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझ्या हातातली पानं तिनं काढून घेतली, उपडी ठेवली आणि मग म्हणाली. मी पानं पुन्हा उचलली. एवढं मला आठवतं. आता रोज आठवतं. वाटत काहीच नाही असं तुला लिहिलं होतं, ते आता तसं राहिलेलं नाही.

पुस्तक होणार नाही. फाइलमध्ये जे आहे ते थोडं तिचं, थोडं त्या व्हायरसचं आणि बरंचसं माझं आहे. त्यावर तिचं नाव घालता येणार नाही. फाइल पुसलेली नाही. राहू दिली आहे.

एकतीस पानं टपालानं पाठवू नकोस. सुट्टी लागली की तू घेऊन ये. आणलीस तरी माझ्या हातात देऊ नकोस, मी लगेच पेन शोधायला लागेन. तू मोठ्यानं वाच. मी समोर बसून ऐकेन.

भाऊजी